अडीच इंच

माणसाचें वय त्याच्या केसांवरून ओळखावें कीं गुडघ्यांवरून, याविषयीं मतभेद असतील. माझ्यापुरतें सांगावयाचें तर माझें वय प्रथम ओळखलें तें माझ्या मानेनें. पंचावन्न वर्षें निमूटपणें डोकें वाहून नेल्यावर तिनें एके दिवशीं असहकार पुकारला. डॉक्टरांनीं क्ष-किरणांचें चित्र दिव्यासमोर धरून मणके दाखविले, मानेचे व्यायाम लिहून दिले, आणि जातां जातां विचारलें, "सायकल चालवतां का?" मी मोठ्या अभिमानानें "रोज" म्हणालों. "कोणती? खालीं वांकून चालवायची?" मीं मान हलविली, म्हणजे हलविण्याचा प्रयत्न केला. "मग हँडल जरा वर घ्या," असें सांगून त्यांनीं पुढच्या रोग्याला हांक मारली.

चार शब्दांचा हा सल्ला ऐकावयास किती सोपा! खुर्ची पुढें ओढावी, दिवा जरा खालीं करावा, तसेंच हँडल वर घ्यावें. परंतु वर घेण्याच्या गोष्टी दिसतात तितक्या सोप्या नसतात, हें मला पुढील दोन महिन्यांत कळून आलें; आणि तें कळविणारे गृहस्थ म्हणजे बारा वर्षांपूर्वींच हें जग सोडून गेलेले माझे वडील होते.

सायकल मूळ त्यांचीच. अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यांत ड्राफ्ट्समन होते. नारायण पेठेंतील आमच्या वाड्यांतून ते रोज सकाळीं काळ्या, उंच हँडलाच्या, ताठ बसून चालवावयाच्या सायकलीवर निघत. पुणें तेव्हां सायकलींचें शहर होतें. रॅले, हंबर, बी. एस. ए., हर्क्युलिस हीं नांवें आम्हां मुलांना नातेवाइकांच्या नांवांसारखीं पाठ असत. सायंकाळीं कारखाना सुटला म्हणजे खडकीच्या रस्त्यानें सायकलींचा लोंढा शहराकडे वाहूं लागे, आणि दिवा नसलेल्यांना व डबल-सीट जाणाऱ्यांना कोपऱ्यावरचा पोलीस अडवी. अण्णांची रविवारची सायकल मात्र निराळी. ती विलायती, शर्यतीच्या घाटाची, मेंढ्याच्या शिंगांसारखें खालीं वळलेलें हँडल असलेली. १९६४ सालीं त्यांनीं ती जुनीच विकत घेतली होती. ते आणि त्यांचे तीन मित्र पहाटेच्या अंधारांत निघत, खंडाळ्याला चहा घेत, आणि दुपारीं उशिरां जेवावयास घरीं परतत. आई ताट झांकून बसलेली असे. तिच्या चेहऱ्यावरून त्या दिवशींचा उशीर किती तासांचा हें आम्हांला कळे.

अण्णांना रेघा ओढण्याचा नाद होता. धंदाच तो, पण तो धंदा ते घरींही आणीत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेचें पाणी पेठांतून शिरलें, तेव्हां ते तेवीस वर्षांचे होते. पाणी ओसरल्यावर घरांतील माणसें चिखल उपसूं लागलीं, आणि यांनीं प्रथम काय केलें, तर वाड्याच्या खांबावर पाणी जेथवर चढलें होतें तेथें खिळ्यानें एक आडवी रेघ ओढून शेजारीं तारीख घातली. पुढें त्याच खांबावर आम्हां भावंडांच्या उंचीच्या रेघा चढत गेल्या. पुराच्या रेघेला आपलें डोकें लागलें तो दिवस आमच्या घरीं मुंजीइतकाच महत्त्वाचा मानला जाई. रॉकेलच्या डब्यावर रेघ, औषधाच्या बाटलीवर रेघ, पुस्तकाच्या समासांत पेन्सिलीची बारीक रेघ. शेजारीं खुलासा मात्र सहसा नसे. ज्याला गरज पडेल त्याला ती वाचतां येईल, अशी त्यांची समजूत होती.

कालांतरानें वाडा पडला, तेथें पांच मजल्यांची इमारत उभी राहिली, आणि तो खांब जुन्या लांकडाच्या कोणा व्यापाऱ्यानें नेला. सायकल तेवढी फ्लॅटच्या माळ्यावर गुंडाळून राहिली. तीन वर्षांपूर्वीं मीं ती खालीं काढली, तेव्हां मित्र म्हणाले कीं अशा वस्तूंचें स्थान संग्रहालयांत. कर्वेनगरांत २०१७ सालापासून विक्रम पेंडसे यांनीं जमविलेल्या सायकलींचें सुरेख संग्रहालय आहेही. परंतु वडिलांची सायकल कांचेमागें पाहावयाची माझी तयारी नव्हती. मी तिच्यावरून कॉलेजांत जाऊं लागलों, रविवारीं शहराबाहेर जाऊं लागलों. आणि मग मानेचें तें प्रकरण उद्भवलें.

येथें वाचकांना थोडें यंत्रशास्त्र ऐकावें लागेल. मी इंग्रजीचा अध्यापक असल्यामुळें तें फार होणार नाहीं. जुन्या सायकलीचें हँडल चिमट्याला थेट जोडलेलें नसतें. पुढचें चाक धरणाऱ्या चिमट्याची पोकळ नळी सायकलीच्या डोक्यांतून वर येते. त्या नळींत इंग्रजी सातच्या आंकड्यासारखा एक दांडा उतरलेला असतो. त्याच्या आडव्या टोंकाला हँडल आवळलेलें असतें, आणि उभा भाग नळींत गेलेला असतो. दांड्याच्या पोटांतून एक लांब बोल्ट खालीं जातो व त्याच्या शेवटीं एक पाचर असते. बोल्ट आवळला कीं पाचर वर ओढली जाते, तिरप्या कापावरून बाजूला सरकते, आणि दांडा व पाचर मिळून नळीच्या आंतल्या भिंतीवर घट्ट दाटून बसतात. ना आरपार खिळा, ना डाख. सगळी भिस्त या पाचरीवर. दांड्याच्या या उभ्या भागाला इंग्रजींत 'क्विल' म्हणतात. क्विल म्हणजे पिसाचा पोकळ देंठ, आणि त्यापासून केलेली लेखणी. मला त्यावरून आपला बोरू आठवतो: तशीच पोकळ नळी आणि शेवटीं तसाच तिरपा छाट. शब्दाची व्युत्पत्ति ठाऊक असली म्हणजे वस्तु ठाऊक झाली, हा आमच्या धंद्यांतला जुना भ्रम. त्या भ्रमांतच मीं पाना हातांत घेतला.

जेरोम के. जेरोमच्या १९०० सालीं निघालेल्या 'थ्री मेन ऑन द बमेल' या पुस्तकांत दुसऱ्याच्या सायकलीची दुरुस्ती करावयास बसणारा एक उत्साही गृहस्थ आहे. तो पुढच्या चाकांतले छर्रे सांडून ठेवतो. वर्गांत तो प्रसंग वाचून दाखवितांना मी नेहमीं त्या गृहस्थाला हंसत आलों आहें. त्या रविवारीं मीच तो झालों. तरी आरंभ अगदीं शास्त्रशुद्ध होता. बोल्ट चार फेरे सैल केला. त्याच्या डोक्यावर लांकडी ठोकळा ठेवून हातोडीचे दोन टोले दिले. आंत पाचर सुटल्याचा आवाज आला आणि दांडा हातांत फिरूं लागला. मग मीं तो वर ओढला. एक इंच, दोन इंच. बसून पाहिलें, मान प्रसन्न झाली, म्हणून आणखी एक इंच. इतकीं वर्षें नळींत दडलेला भाग उजेडांत आला, आणि त्यावर एक बारीक आडवा ओरखडा दिसला. चकचकीत दांड्यावरचा तो डाग मला खटकला. ब्रासो लावून मीं तो पाव तास घांसला. तो गेला नाहीं. शेवटीं नाद सोडला आणि बोल्ट आवळून टाकला.

काय सुख झालें म्हणून सांगूं! आजवर मी रस्त्याचें डांबर पाहत जात असें; आतां झाडें दिसूं लागलीं, दुकानांच्या पाट्या वाचतां येऊं लागल्या, ओळखीच्या माणसांना मान लववितां येऊं लागली. दोन महिने असे गेले. एका रविवारीं तर मी कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत चढून गेलों आणि वाऱ्यासारखा उतरून आलों. घरीं येऊन मीं पत्नीला सांगितलें कीं अण्णांना एवढी साधी युक्ति सुचली नाहीं याचें नवल वाटतें.

त्यानंतरच्या शनिवारीं संध्याकाळीं मुलगी म्हणाली, "बाबा, उद्यां आजोबांची सायकल मी नेऊं का? आम्ही सिंहगड चढणार आहोंत, अगदीं वरपर्यंत." नाहीं म्हणण्याचें कारण नव्हतें. फक्त घाट उतरावयाचा म्हणून ब्रेकचीं रबरें तपासून आणावीं, असें मीं ठरविलें आणि सायकल घेऊन पेठेंतल्या मामांच्या दुकानीं गेलों. मामा सत्तरीचे आहेत. त्यांच्या दुकानांत आतां सायकलींपेक्षां मोपेडच अधिक उभ्या असतात. परंतु जुनी विलायती सायकल दिसली कीं ते हातांतलें काम खालीं ठेवतात.

ब्रेकला त्यांनीं हातही लावला नाहीं. पुढें उभे राहून त्यांनीं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलें आणि हँडल पिळून पाहिलें. तें किंचित् हललें. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें, बोल्ट सैल केला, एक टोला दिला, आणि कुंडींतलें रोप उपटावें तसा दांडा दोन बोटांनीं वर काढला. खालच्या टोंकाशीं जेमतेम इंचभर दाटल्याची खूण होती.

"हे कोणी वर घेतलं, सर?"

"मीं."

मामा कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "ह्याला हँडल बसवलं म्हणत नाहीत. टेकवलं म्हणतात."

पुढें त्यांनीं जें समजावून दिलें तें मीं रात्रीं कागदावर मांडून पाहिलें. दांड्याचा उभा भाग साडेपांच इंचांचा. अडीच इंच आंत व तीन बाहेर असते, तर बाहेरचा भाग आंतल्याच्या सुमारें सव्वापट होता. मीं साडेचार बाहेर व एक आंत ठेवला. म्हणजे तो साडेचारपट झाला. हाताचा रेटा तोच, पण तरफ लांबल्यामुळें आंतल्या पकडीवर पडणारा ताण जवळजवळ पावणेचारपट. दुसरी गोष्ट याहून वाईट. चिमट्याच्या नळीला वरच्या टोंकाशीं बाहेरून आटे पाडलेले असतात, आणि आटे पाडले म्हणजे तेवढ्या भागांत नळीची भिंत पातळ होते. माझी पाचर नेमकी त्या पातळ भागांत दाटली होती. दांडा निसटला नाहीं, तरी नळीच फुगावी किंवा तडकावी. चढावर उभें राहून पायडल मारतांना आपण हँडल आळीपाळीनें ओढतों. उतारावर ब्रेक दाबतांना सारें अंग त्याच्यावर टाकतों. हँडल अशा वेळीं सुटलें, तर तें हातांत राहतें. सायकल मात्र हातांत राहत नाहीं. कात्रजच्या उतारावर मी ज्याला वाऱ्याचें सुख समजत होतों, तें एक इंच लोखंडावर तोललेलें होतें. आणि दुसऱ्या दिवशीं सिंहगडाच्या घाटांत त्या एका इंचावर मी माझ्या मुलीला बसविणार होतों.

"आतां नव्या दांड्यांवर कारखान्यांतूनच खूण कोरलेली येते," मामा सांगत होते. "ती नळीच्या बाहेर दिसली की समजायचं, फार वर घेतलं. जुन्यांवर पुष्कळदां नसते. मग आपण मापानं चालायचं: पाचर सोडून निदान अडीच इंच दांडा आंत हवा, आणि पाचर आट्यांच्या खाली हवी." अडीच इंच म्हणजे सुमारें ६५ मिलिमीटर. उलट, दांडा वाटेल तितका खालीं ठोकणेंही बरें नव्हे. कांहीं चिमट्यांची नळी खालच्या बाजूस आंतून जाड होत जाते व तेथें पाचर रुतून बसते.

बोलतां बोलतां त्यांनीं रॉकेलच्या फडक्यानें दांडा पुसला, चष्मा चढविला, आणि एकाएकीं थांबले. "खूण तर आहे की, सर." त्यांचें बोट त्या ओरखड्यावर होतें. त्यांनीं खिशांतली पोलादी पट्टी काढून लावली. दांड्याच्या खालच्या टोंकापासून बरोबर अडीच इंच.

"कारखान्याची नव्हे," ते म्हणाले. "हातानं केलीय. कानशीच्या कोपऱ्यानं. आणि बघा, किती हलक्या हातानं! खोल खाच पाडली असती तर उद्यां चीर तिथूनच गेली असती. कोणी तरी जाणता माणूस असणार."

मीं पाव तास ब्रासो लावून जी पुसूं पाहिली होती, ती अण्णांची रेघ होती.

त्या क्षणीं मला मेलेल्या माणसाच्या स्मृतीनें गहिंवर वगैरे आला असें लिहिलें तर तें खरें होणार नाहीं. मला प्रथम वाटली ती लाज. तीस वर्षें मी मुलांना सांगत आलों आहें कीं समासांतली खूण मजकुराइतकीच वाचावी, लेखकानें जें एका रेघेनें सांगितलें तें दहा ओळींत सांगितल्यापेक्षां मोलाचें असूं शकतें. आणि ज्या घरांत खांबापासून रॉकेलच्या डब्यापर्यंत सर्वत्र रेघा होत्या, त्या घरांत वाढलेल्या मला त्या घरची एक रेघ डाग वाटली. आमच्यासारख्यांच्या हातीं पाना असणें तितकेंसें भयंकर नाहीं. पुढें दिसलेली गोष्ट कोणी तरी मुद्दाम केलेली असेल, ही शंकाच मनांत न येणें अधिक भयंकर.

मग घरीं जातांना दुसरा एक प्रश्न मनांत आला, आणि तो अजून गेलेला नाहीं. अण्णा स्वतः हँडल अगदीं खालीं ठेवीत. मीं हात लावीपर्यंत दांडा चार इंच आंत होता. म्हणजे त्या रेघेची त्यांना कधींच गरज नव्हती. मग ती त्यांनीं कोणासाठीं ओढली? ड्राफ्ट्समनच्या हाताला चैन पडेना म्हणून? कीं साठीच्या आसपास त्यांचीही मान एके दिवशीं धरली, त्यांनीं दांडा बाहेर काढला, किती वर घेतां येईल तें मापलें, खूण केली, आणि मग काय वाटलें कोण जाणे, तो पुन्हां खालीं बसविला? साठाव्या वर्षीं ते त्या सायकलीवर वांकून बसत तेव्हां त्यांची मान दुखते काय, हें मीं त्यांना कधीं विचारलें नाहीं. मला तेव्हां मान नव्हती. म्हणजे तिचें अस्तित्व मला कळलेलें नव्हतें. वडील माणसांच्या दुखण्यांची भाषा आपल्याला येऊं लागते ती तीं माणसें गेल्यावर, आपल्याच अंगांतून. तोंवर विचारावयाला कोणी उरलेलें नसतें. एखादी रेघ असते.

मामांनीं भिंग लावून दांड्याच्या चिरेचें टोंक तपासलें. असे जुने दांडे तडकतात ते बहुधा तेथूनच. तडा नव्हता. चिमट्याच्या नळीचे आटेही सुदैवानें धड होते. त्यांनीं दांड्याला ग्रीस लावलें, कारण आमच्या पावसाळ्यांत अॅल्युमिनियमचा दांडा पोलादी नळींत कोरडा राहिला तर दोन्ही धातु एकमेकांना असे धरतात कीं पुढें करवतीवांचून सुटका होत नाहीं. मग दांडा आंत गेला. रेघ हळूहळू खालीं सरकली, चेकनटच्या कांठाशीं आली, आणि दिसेनाशी झाली. आणखी अर्धा इंच खालीं घेऊन त्यांनीं बोल्ट आवळला, तोही बेतानें. अति आवळल्यानें नळी फुगते, आणि सायकल पडली तर हँडल थोडें फिरून जावें हेंच बरें. पुन्हां चाक गुडघ्यांत धरून त्यांनीं हँडल पिळलें. तें हललें नाहीं. ब्रेकचीं रबरें त्यांनीं मग बदलून दिलीं.

"आणि माझी मान?" मीं विचारलें.

मामांनीं दोन वाटा सांगितल्या. जपानांतील निट्टो नांवाची कंपनी मुद्दाम लांब दांडे करते. त्यांतला एक तर २२५ मिलिमीटर लांब असतो. तो पुरेसा आंत राहूनही पुष्कळ वर येतो. मात्र दांड्याची जाडी आपल्या नळीशीं जुळली पाहिजे. इंग्रजी घाटाच्या सायकलींना ती २२.२ मिलिमीटर लागते, जुन्या फ्रेंच सायकलींना २२. आणि हा केसाएवढा फरकही पाचरीला पुरतो. दुसरी वाट सोपी: ज्या सायकलीचें हँडल जन्मतःच उंच आहे ती चालवावी. मीं ही दुसरी वाट धरली. आतां मी एका काळ्या, जुन्या, ताठ बसावयाच्या सायकलीवरून कॉलेजांत जातों. म्हणजे अण्णांच्या रविवारवरून मी त्यांच्या सोमवारवर आलों आहें. शर्यतीची सायकल मुलीकडे गेली.

त्या रात्रीं मला नीट झोंप लागली नाहीं. पहाटे पांचला मुलगी निघाली तेव्हां मी जिन्याखालीं जाऊन उभा राहिलों. तिनें पाण्याची बाटली लावली, दिवा लावला. मी मोबाइलच्या उजेडांत वांकून हँडलाच्या दांड्याकडे पाहत होतों.

"काय बघताय, बाबा?"

"रेघ दिसते का, तें."

तीही वांकली. "कुठली रेघ? मला तर कांहींच दिसत नाहीं."

"मग जा," मी म्हणालों.